कृष्णाकाठी गाडीतळ हवा

शुक्रवारी रात्री पुण्यातून निघायचे, दोन दिवस नदीकाठची जुनी गावे पायी फिरायची, रात्री गाडीतच झोपायचे आणि सोमवारी कामावर हजर व्हायचे, असा कॅम्परव्हॅनचा बेत आता शहरातल्या बऱ्याच घरांत शिजू लागला आहे. गाडी दिवसाच्या भाड्याने मिळते. काहींनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन ती आतून हवी तशी बांधून घेतली आहे. या हौसेला नाक मुरडण्याचे कारण नाही. नदीच्या काठाने चालत गाव पाहायला येणारा माणूस हा पाहुण्यांमधला बरा पाहुणा. अडचण आहे ती त्याच्या रात्रीची. त्याच्या गाडीत पलंग आहे, शेगडी आहे, फ्रिज आहे, संडासही आहे. त्यामुळे त्याला गावात खोली घ्यावी लागत नाही, खाणावळ शोधावी लागत नाही, कोणाला विचारावेही लागत नाही. गाडी थेट घाटाच्या पायऱ्यांशी लागते आणि दुसऱ्या दिवशी निघून जाते. गावाने त्याला काही विकलेले नसते, त्याच्याकडून काही कमावलेले नसते, पण मागे राहिलेले ताट-वाट्या, बाटल्या आणि सांडपाणी मात्र गावाचे होते. यावर उपाय म्हणून बंदीचे फलक लावले जातात. माझे म्हणणे असे की, उपाय नेमका उलट दिशेला आहे. या रात्रीच्या मुक्कामाची जागा, तिचे भाडे आणि तिचे नियम ग्रामपंचायतीच्या हाती द्यावेत, आणि गाडी तिथे लावून माणसांनी नदीकाठाने चालावे यासाठी जुन्या पायवाटा मोकळ्या कराव्यात. या दोन गोष्टी एकत्र झाल्या तरच जुन्या गावांना या पर्यटनाचा उपयोग आहे.

हे कुठल्याही गावाबद्दल हवेत बोलण्यात अर्थ नाही, म्हणून कृष्णेचा एक टप्पा समोर ठेवू. पुणे-सातारा महामार्गावर सुरूर फाट्यावरून आत वळले की वाई येते. वाईच्या वरच्या अंगाला धोम. तिथल्या धोमेश्वराच्या देवळापुढे कमळासारखे दगडी कुंड आहे आणि त्यात कासवाच्या पाठीवर नंदी बसवला आहे. कुंडात पाणी असले की कासव नंदीला पाठीवर घेऊन पोहत निघाले आहे असेच वाटते. धोम आणि वाईच्या मध्ये मेणवली. तिथे नाना फडणविसांचा सहा चौकांचा वाडा, त्याला लागून नदीत उतरणारा घाट आणि घाटावरच्या छोट्या दगडी बांधकामात टांगलेली पोर्तुगीज चर्चची घंटा. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्या विजयाची ही खूण. घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आजही दिसते. मेणवलीपासून तीनेक किलोमीटर खाली वाईचे घाट सुरू होतात. इथल्या ढोल्या गणपतीचे देऊळ रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधले. त्याची मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती आहे, कारण पुराचे पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे, भिंतीवर आदळू नये. पुढे भुईंज, मग लिंब. लिंबची बारा मोटांची विहीर १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसल्यांनी बांधवली. अष्टकोनी, ११० फूट खोल, ५० फूट व्यासाची, आणि बारा मोटा एकदम चालवता येतील अशी. विहिरीच्या पोटात चक्क महाल आहे. त्याहून खाली, वेण्णा जिथे कृष्णेला मिळते तिथे माहुली. संगमाच्या दोन्ही काठांवर देवळे आहेत, १७४९ मध्ये निवर्तलेल्या छत्रपती शाहूंची समाधी आहे, त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, आणि हे रामशास्त्री प्रभुण्यांचे गाव आहे. एवढे सगळे एका नदीवर, शनिवार-रविवारात सहज बसेल इतक्या अंतरात आहे.

आता या साऱ्या बांधकामांत एक गोष्ट समान आहे: त्यांचे तोंड नदीकडे आहे. घाट नदीकडे उतरतो, वाड्याची दिंडी नदीकडे उघडते, देवळाची घडण पुराचा विचार करून झालेली आहे. डांबरी रस्ता नंतर आला आणि तो गावाच्या पाठीमागून आला. म्हणून गाडीतून जाणाऱ्याला मेणवली म्हणजे एक अरुंद बोळ आणि वाहनतळ दिसतो. काठाने चालत येणाऱ्याला आधी पाणी, मग पायऱ्या, मग घंटेचे देऊळ आणि वर वाड्याची भिंत असा तो घाट उलगडत जातो. बांधणाऱ्याने पाहुणा ज्या बाजूने यावा अशी योजना केली होती, त्याच बाजूने तो येतो. या गावांचे पर्यटन चालण्याचे असले पाहिजे असा आग्रह त्यासाठीच आहे. आणि मुक्कामासाठी कॅम्परव्हॅन बरी म्हणायची तीही याच हिशेबाने. रिसॉर्ट उभे राहिले की जमीन बिनशेती होते, कुंपण पडते, बोअर मारली जाते, आणि पाणी दिसेल अशा जागेच्या लोभाने बांधकाम नदीकडे सरकत जाते. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा पाटबंधारे खात्याने आखायची, आणि लोकांनी ती कशी ओलांडता येईल ते शोधायचे, हा खेळ कृष्णाकाठाने २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर पुरेसा पाहिला आहे. चाकांवरचे घर पावसाळ्यात निघून जाते. त्याला पाया लागत नाही, सातबाऱ्यावर नोंद लागत नाही. लागते ती फक्त सपाट, निचऱ्याची जागा, एक नळ आणि विजेचे बटण.

अशा जागेला मराठीत शब्द नाही असे कोणी म्हणेल तर तो आपल्याच भाषेला विसरला. तळ हा आपला जुना शब्द आहे. गाडीतळ, बाजारतळ, पालखीतळ. नीरा ओलांडून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सातारा जिल्ह्यात येते, तेव्हा लोणंद, तरडगाव, फलटण, बरड ही गावे मुक्कामाला लाखो माणसे झेलतात. प्रत्येक दिंडीमागे तिचा ट्रक असतो, त्यात राहुट्या, भांडी, शिधा. पाण्याचा टँकर वेगळा. चाकांवरचा संसार तो याहून वेगळा काय असतो? कुठल्या दिंडीने कुठे उतरायचे हे ठरलेले आहे, पाणी कुठे भरायचे ते ठरलेले आहे, आणि निर्मल वारीच्या उपक्रमाने फिरते संडास आले तेव्हापासून मागे राहणाऱ्या घाणीचा प्रश्नही बराच आवाक्यात आला. हे सगळे गावांनी शिकून घेतले आहे. दुसरे उदाहरण याहून बोलके. दिवाळीनंतर धनगर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात, तेव्हा शेतकरी त्यांना आपल्या वावरात मेंढ्या बसवायला बोलावतो आणि रात्रीच्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. म्हणजे मुक्कामाला येणाऱ्याकडून गावाला काही मिळत असेल, तर गाव पदरचे देऊनसुद्धा मुक्काम मागून घेते. तळावर उतरणारा माणूस आणि गाव यांच्यात देवाणघेवाण असली पाहिजे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. कॅम्परव्हॅनच्या बाबतीत ती तुटली आहे, कारण हा पाहुणा तळावर न उतरता जागा दिसेल तिथे उतरतो. कायद्यातही ही रीत शिल्लक आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात पंचायतीने कोणकोणत्या गोष्टींवर कर आणि फी घ्यावी याची यादी आहे. तिच्यात यात्राकर आहे, आठवडे बाजाराची फी आहे, आणि गाड्या-टांग्यांच्या अड्ड्यावरची फीही आहे. बैलगाड्यांसाठी लिहिलेली ही तरतूद आज धूळ खात पडली आहे. तिचा अर्थ काळाप्रमाणे लावायला एक शासन परिपत्रक पुरे.

सरकारने काहीच केले नाही असे मुळीच नाही. मोटार कॅरव्हॅन कशी बांधावी, तिची सुरक्षितता कशी तपासावी यासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. केरळने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन सुरू केले आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही आपले धोरण आणले. पण या साऱ्या विचाराच्या केंद्रस्थानी ‘कॅरव्हॅन पार्क’ आहे. पार्क म्हटले की प्रकल्प आला, गुंतवणूकदार आला, जमीन आली. मोठ्या धरणाकाठी किंवा समुद्रकिनारी ते ठीक असेलही. मेणवली किंवा लिंबसारख्या गावाला मात्र दहा गाड्यांपुरती जागा हवी आहे, आणि ती बहुतेक गावांत आजच आहे. बाजारतळ आठवड्यातला एक दिवस गजबजतो आणि सहा दिवस मोकळा पडतो. पार्कमध्ये उतरणारा प्रवासी पार्कचा ग्राहक असतो. बाजारतळावर उतरणारा सकाळी दुधाला, पावाला, भाजीला गावात जातो. धोरण जिथे संपते तिथून गावाचा प्रश्न सुरू होतो.

तळावर नेमके काय लागते हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळी भीती तिथेच आहे. कॅम्परव्हॅनच्या संडासाखाली एक सीलबंद टाकी असते. साधारण पंधरा-वीस लिटरची, चपटी, प्रवासी बॅगेसारखी. बाहेरून दार उघडून ती ओढून काढायची आणि चाकांवर ढकलत न्यायची. दोन माणसांना ती दोन-तीन दिवस पुरते. मग ती कुठेतरी रिकामी करावीच लागते. ती कुठे करायची याचे उत्तर गावाने दिले नाही, तर ओढा देतो. फ्रान्समध्ये लहानलहान गावांनी याचे उत्तर कसे दिले ते पाहण्यासारखे आहे. तिथल्या मुक्कामाच्या जागी कमरेइतक्या उंचीचा एक खांब असतो. एका बाजूला पिण्याच्या पाण्याचा नळ, त्यापासून दूर दुसऱ्या बाजूला संडासाची टाकी ओतायचे झाकणाचे तोंड, जमिनीत भांडी-आंघोळीच्या पाण्यासाठी जाळी, आणि पैसे टाकले की सुरू होणारी वीज. एवढाच पसारा. लोत नदीच्या कड्यावरचे सँ-सिर्क-लापोपी हे गाव आपल्या या सबंध विषयाचा नमुना म्हणता येईल. वस्ती दोनेकशे माणसांची. मध्ययुगीन दगडी घरांचे बोळ इतके अरुंद की गाड्या बाहेर ठेवूनच आत शिरावे लागते. वाहनतळाचे पैसे पडतात. खाली नदीच्या अंगाला चुनखडीच्या कड्यात खोदलेली वाट आहे. एकोणिसाव्या शतकात नावा ओढून नेण्यासाठी ती खोदली गेली, नावा बंद पडल्या, वाट राहिली, आणि आज लोक त्याच वाटेने चालत गावात येतात. १९८२ मध्ये कोलोंज-ला-रूज या गावाच्या महापौरांनी, शार्ल सेराक यांनी, फ्रान्सच्या सर्वांत सुंदर गावांची संघटना काढली, तेव्हा तिच्या अटी गावाला झेपतील अशा ठेवल्या: वस्ती दोन हजारांच्या आत, किमान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळे, आणि अर्ज करण्याचा ठराव गावाच्या परिषदेने स्वतः केलेला. शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गावाने मागितल्याशिवाय पर्यटन गावात येत नाही.

आता चालण्याच्या वाटेकडे येऊ. धोमपासून माहुलीपर्यंत काठाने सलग चालता येईल अशी आखलेली वाट आज नाही. तुकडे आहेत. एका घाटापासून दुसऱ्या देवळापर्यंत गुरांची वाट जाते, मध्येच उसाच्या फडात हरवते, पुढे पाणंदीतून पुन्हा निघते. पण कागदावर चित्र याहून चांगले आहे. प्रत्येक गावाच्या नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने. त्या पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम २० सांगते की, सार्वजनिक रस्ते, वाटा आणि नद्या-नाल्यांची पात्रे ही शासनाची मालमत्ता आहेत. कलम १४३ प्रमाणे शेतकऱ्याला बांधावरून वाट मागता येते, आणि अडवलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाने तहसीलदाराला दिलेला आहे. शेतरस्ते आणि पाणंदी बांधण्यासाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना रोजगार हमीशी जोडून सुरू झाली. म्हणजे वाट कायद्यात आहे, नकाशात आहे, पैशाची तरतूदही आहे. कमी आहे ती एकाच गोष्टीची: या तुकड्यांकडे एक सलग वाट म्हणून पाहण्याची. इंग्लंडने १९४९ मध्ये कायदा करून प्रत्येक परगण्याला आपल्या पायवाटांचे नकाशे करायला लावले. टेम्स नदीच्या उगमापासून लंडनपर्यंतची सुमारे तीनशे किलोमीटरची वाट राष्ट्रीय पायवाट म्हणून १९९६ मध्ये खुली झाली, तिच्यामागे असे दशकांचे कागदी काम होते. ते काम आपल्याकडे पाऊण हिस्सा आधीच झालेले आहे.

शेतकऱ्याची हरकत इथे उभी राहते आणि ती सर्वांत वजनदार आहे. काठाची जमीन सुपीक आहे, ऊस आणि हळद तिथेच उभी आहे, गुंठ्यागुंठ्याला किंमत आहे. वाट जाहीर झाली की मोजणी येईल, हद्दीचे वाद उकरले जातील, शहरातली माणसे बांध तुडवतील, कोणी पेरू तोडेल, कोणी हळदीच्या वाफ्यात उभे राहून फोटो काढेल. ही भीती खोटी नाही. म्हणून वाट नवी काढायचीच नाही, भूसंपादनाचे नावही घ्यायचे नाही. नकाशात आहे तेवढाच पायमार्ग. जिथे तो पुसला गेला आहे तिथे दिवाळी ते होळी या कोरड्या महिन्यांत पात्राच्या कडेने, नाहीतर सरळ गावाच्या रस्त्याने वळसा. पावसाळ्यात वाट बंद, आणि धोम धरणाचे दरवाजे उघडण्याची सूचना निघाली की कोणत्याही महिन्यात बंद. शिवाय हा पायमार्ग मोकळा झाला तर पहिला लाभ शेतकऱ्यालाच आहे. शेतात ट्रॅक्टर, मजूर, खताचे पोते नेण्यासाठी वाट मिळत नाही म्हणून तहसील कचेरीत खेटे घालणारी माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत. चालणाऱ्यांसाठी तीच वाट उपयोगी पडणार असेल, तर शेतकऱ्याच्या बाजूने पर्यटन खात्याचेही वजन पडेल. आजवर हे दोन अर्ज वेगवेगळ्या टेबलांवर पडून राहिले.

दुसरी हरकत अशी की, ही श्रीमंतांची चैन आहे आणि तिच्यासाठी गावाची सार्वजनिक जागा का द्यावी. कॅम्परव्हॅनचे भाडे सगळ्यांना परवडणारे नाही हे खरेच. पण जागा द्यायची कोणी म्हटलेच नाही. जागा रात्रीपुरती भाड्याने द्यायची आहे. एका गाडीला रात्रीचे पाचशे रुपये धरा, दहा गाड्या, वर्षातले चाळीस शनिवार. दोन लाख होतात. शहराला ही रक्कम किरकोळ वाटेल. लहान पंचायतीच्या स्वतःच्या वसुलीपुढे ती किरकोळ नाही; घाट झाडणाऱ्या माणसाचा पगार, संडासाची देखभाल, वाटेवरच्या चार पाट्या त्यात बसतात. आणि तळ ज्याच्याकडे व्हॅन नाही त्यालाही उपयोगी पडतो. तेथील नळ आणि संडास सायकलवरून येणाऱ्या मुलांना, परिक्रमा करणाऱ्यांना, बाजारकऱ्यांना, आणि ऊसतोडीच्या हंगामात बैलगाड्या घेऊन येणाऱ्या कुटुंबांना लागतोच. त्या कुटुंबांतल्या बायकांना आज उघड्यावर जावे लागते. व्हॅनवाल्याच्या पैशाने एक पाण्याचा संडास त्यांच्यासाठी उभा राहिला, तर त्या चैनीला मी नावे ठेवणार नाही.

गावकऱ्यांना, विशेषतः बायकांना, खुपणारी गोष्ट वेगळीच असते. घाट ही त्यांची रोजची जागा. पहाटे पाणी, धुणे, देवाला जाणे, संध्याकाळी जरा टेकणे. वाईत तर माघापासून पुढे घाटाघाटाने पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव बसतो, नदीलाच देवी मानून तिची पूजा होते. तिथे कोणी रात्री गाणी लावून बाटल्या उघडून बसले, सकाळी अर्ध्या कपड्यांत गाडीच्या दारात दात घासत उभे राहिले, तर ते सहन का करावे? करू नयेच. म्हणून तर तळ घाटापासून लांब, गावाच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्याच्या कडेला हवा, आणि घाटाच्या शेवटच्या दोनशे-तीनशे मीटरमध्ये चाकाला पूर्ण मज्जाव हवा. नुसत्या बंदीने हे साधत नाही, याचा पुरावा शेजारी आहे. गोव्याने २०१९ मध्ये पर्यटनस्थळांबाबतचा आपला कायदा दुरुस्त करून उघड्यावर स्वयंपाक करणे आणि दारू पिणे यांवर माणशी दोन हजार आणि टोळक्याला दहा हजार रुपये दंड ठेवला. किनाऱ्यावर बस उभी करून गॅस पेटवणाऱ्या मंडळींचा त्रास इतका झाला होता की, सरकारला ते करणे भाग पडले, आणि त्यात चूक काही नव्हती. पण ‘इथे नाही’ असे सांगताना ‘मग तिथे’ हेही सांगावे लागते. नाहीतर गाडी पुढच्या गावाच्या ओढ्यावर जाते, जिथे दंड करायला कोणी नसते. तळ असला की घाटावर सापडलेल्या गाडीला काही बोलण्याची सबबच उरत नाही.

पंचायतींना हे जमेल का, असाही प्रश्न येईल. पावती पुस्तक दोन, खाते एक, आणि तळाचा ठेका सरपंचाच्या पुतण्याला, असे होणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही. मात्र हाच धोका आठवडे बाजाराच्या लिलावात आहे, जत्रेच्या वर्गणीत आहे, पाणीपट्टीत आहे, आणि तरी गावे चालतात. तळाचे पैसे मोबाइलवर क्यूआर कोडने थेट पंचायतीच्या खात्यात घेतले, किती गाड्या उतरल्या आणि किती जमा झाले याचा हिशेब तळावरच्या फळ्यावर दर सोमवारी लिहिला, तर चोरायला फार जागा राहत नाही. हे काम बचत गटाकडे सोपवावे. सकाळी पिठले-भाकरी, धपाटे, काकवी विकण्याची संधी ज्या बायकांना आहे, त्या तळ घाण होऊ देणार नाहीत. उत्पन्नाचा किती वाटा घाट आणि देवळांच्या डागडुजीवर खर्च व्हायचा ते ग्रामसभेने सुरुवातीलाच ठरवून ठेवावे, कारण पैसे आल्यावर ते ठरत नाही.

एक भीती मात्र माझ्याही मनात आहे आणि तिला पळवाट नाही. पसरणी घाट चढून गेले की पाचगणी आणि महाबळेश्वर येतात. २००१ मध्ये केंद्राने तो सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तरी सलग सुट्या आल्या की घाटात गाड्यांची रांग हलत नाही. वरची गर्दी उतरून खाली आली तर मेणवलीचा घाट एका हंगामात वाहनतळ होईल. याला संख्येचीच वेसण हवी. दहा गाड्यांचा तळ म्हणजे दहाच गाड्या, अकरावीला लिंबला जागा आहे का ते फोनवर पाहायचे. तिथेही नसेल तर त्या शनिवारी यायचे नाही. धोम, मेणवली, वाई, लिंब, माहुली अशा पाच ठिकाणी तळ झाले आणि एकाच यादीवर त्यांचे आरक्षण ठेवले, तर गर्दी नदीच्या लांबीवर पसरेल, आणि मधल्या अंतरासाठी लोक गाडी न हलवता पायीच निघतील. तळ वाढवण्याचा मोह पंचायतीला दोन-तीन वर्षांत होईल. शनिवारी तळ भरून गाड्या परत जाऊ लागल्या की बाजूचे वावर भाड्याने घ्यावे असे कोणीतरी सुचवेल. म्हणून दहाचा आकडा पहिल्याच ठरावात लिहावा, आणि तो बदलायचा तर साध्या मासिक सभेत हात वर करून बदलता येऊ नये. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, घाटाशेजारच्या आळ्यांतल्या बायकांची वेगळी महिला सभा आधी घेऊन, मगच तो विषय पटलावर यावा.